सात नंबरच्या टाकीची फिल्म

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठीक आहे. फोन करत नाही, कारण इथे रेंज फक्त ऑफिसच्या पायरीवर येते आणि त्या पायरीवर दहा जण रांग लावून एकमेकांचं घरचं बोलणं ऐकत उभे असतात. शिवाय फोन लगेच आईच्या हातात जातो. म्हणून हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय.

शाळेत निबंध म्हटलं की मी खिडकीतून उडी मारायचो, आणि आता आपणहून दोन पानं घेऊन बसलोय. हस खुशाल.

काम तेच. इथे पातळ पत्र्याच्या टाक्या बनतात. त्यांचे जोड आतून पोकळ राहिलेत का ते एक्स-रे काढून बघायचं. माणसाच्या हाडाचा काढतात, तसा टाकीच्या जोडाचा. मिस्त्रीकाका बाहेरून मशीन लावतात, मी टाकीत शिरून जोडाच्या मागे फिल्म चिकटवतो. मग दोघंही शिशाच्या भिंतीआड. मी बटण दाबतो, तीन मिनिटं, झालं. काका तीस वर्षं हेच करतायत. मला भिंगरी म्हणतात. "भिंगरी, तुझ्या पायाला चाकं आहेत, पण ब्रेक बसवायला देव विसरला."

तर विचारायचं होतं. तूही तिकडे एक्स-रेच बघतेस ना, आभाळातले? मग सांग, एक्स-रे अंगातून गेला की जातो कुठे? सगळा बाहेर पडतो की थोडा आत राहतो? आणि राहिला तर शेजारच्या खाटेवरच्याला बाधतो का? सहज विचारतोय. कामाचं ज्ञान असावं म्हणून.

आईला सांग, मी जाड झालोय.

तुझा उंडगा


१२ फेब्रुवारी

उंडग्या,

मी आधी पाकीट उलटंपालटं करून बघितलं, कोणी थट्टा तर करत नाहीये ना म्हणून. तुझंच अक्षर. अजूनही ओळ डावीकडे निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत डोंगर चढते.

आधी तुझं उत्तर. एक्स-रे अंगात राहत नाही. टॉर्चचा उजेड ओंजळीत साठतो का? बटण बंद, उजेड संपला. शेजारच्या खाटेवरच्याला तुझ्या घोरण्याचा त्रास, तेवढाच. जाता जाता तो आत मोडतोड करून जातो हे खरं, म्हणून तर भिंतीआड उभं राहायचं.

आता माझं ऐक, इथे कोणी ऐकत नाही. सध्या मी दोन दीर्घिका बघतेय. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकेक थवा. या दोघी एकमेकींवर आदळतायत. गाड्या आदळतात तशा नाही, कोट्यवधी वर्षं लावून एकमेकींत मिसळतायत. प्रत्येकीच्या मधोमध एक कृष्णविवर असतं. एरवी उपाशी, गप्प पडलेलं. पण अशी टक्कर झाली की वायू आणि धूळ मध्याकडे ढासळते आणि त्याला खायला मिळतं. आत पडणारा वायू पडता पडता इतका तापतो की त्यातून एक्स-रे निघतात. गंमत अशी की जी धूळ त्याला पोसते तीच त्याला झाकून टाकते. साध्या दुर्बिणीतून तिथे नुसता काळपट डाग दिसतो. जोरकस एक्स-रेच तेवढे धूळ भेदून बाहेर येतात. आपली हवा ते खाली येऊ देत नाही, म्हणून दुर्बीण वर, पृथ्वीबाहेर फिरते, आणि ती जे ठिपके पाठवते ते मी खुर्चीत बसून मोजते. तुझी मोठी बहीण पगार घेऊन ठिपके मोजते, हे बाबांना अजून पटलेलं नाही.

माझ्या जोडीतली एक झगझगीत आहे, एक मळकट. सगळ्यांच्या नजरा झगझगीतकडे. मला मळकटच्या मध्यावर अकरा ठिपके सापडलेत. तेवढ्या जागेत भटके, चुकार ठिपके फार तर दोन यायचे. म्हणजे तिथे कोणीतरी जागं आहे. आमचे सर म्हणतात, "अकरा ठिपक्यांवर लग्न ठरवू नये."

तू असे प्रश्न विचारतोस हे आईला सांगितलं. तिने डोळे पुसले. म्हणाली, उशिरा का होईना, अक्कल आली.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचलं. कृष्णविवराचं वाचून बरं वाटलं. पण मधेच एक वाक्य टाकून तू पुढे निघून गेलीस. मोडतोड करून जातो म्हणे. कसली मोडतोड? दिसते किती दिवसांनी? आधी कातडी जाते की केस? नखं?

हे मी एका मित्रासाठी विचारतोय. दुसऱ्या साइटवरचा आहे. त्याच्या उशीवर सकाळी नऊ केस निघाले. दुसऱ्या दिवशी चौदा. खोलीतला वेल्डर त्याला म्हणाला, "अरे, माझेच असतील, मी तुझ्या खाटेवर पडून सिनेमे बघतो." सगळे हसले. तोही हसला. पण त्याने केस कागदात बांधून ठेवलेत.

तो ताट वेगळं ठेवतो. हात सारखे साबणाने धुतो. आता बोटं लाल झालीत, आणि ती धुऊन झालीत की त्या दुसऱ्या कारणाने ते त्याला कळत नाही. कोणी खांद्यावर हात टाकला की बाजूला सरकतो. बाकीच्यांना वाटतं, पोरगं शेफारलं. जेवण जात नाही, मग वाटतं हेच ते लक्षण. पोटात गोळा येतो, मग वाटतं हेही तेच.

मिस्त्रीकाका तेवढे खुशाल आहेत. हल्ली हातमोजे घालूनच चहा पितात. म्हणतात, थंडी वाजते. वय झालं.

लवकर लिही. मित्र वाट बघतोय.

उंडगा


२४ फेब्रुवारी

उंडग्या,

मित्र कोण ते सांगू नकोस. तू सात वर्षांचा असताना "एका मुलाने काच फोडली तर त्याला किती मार बसतो" असं मलाच विचारायला आला होतास.

काय झालं ते पहिल्यापासून लिही. हात कुठे होता, किती वेळ, किती दिवस झाले. बोटं कुठपर्यंत लाल आहेत. फोड आहेत का. आधी डॉक्टरकडे जा, मग लिही. नाही गेलास तरी लिही.

रागावणार नाही. रागावेन, पण नंतर.

मी काल ठिपके मोजताना तीनदा चुकले.

ताई


१ मार्च

ताई,

सांगतो. कोणाला बोलू नकोस, आईची शपथ.

एकोणतीस जानेवारी. सात नंबरची टाकी. मशीन चालू असलं की भिंतीवर एक लाल दिवा लागतो. मी भिंतीच्या एका टोकाला बटणाशी, काका दुसऱ्या टोकाला. मधे कपाट, एकमेकांना दिसत नाही. दिवा लागला की काकांना समजतं, आता हलायचं नाही. विझला की दोघांनाही समजतं, झालं. हाक मारून विचारायचं असा नियम आहे, पण हाका मारून मारून घसा बसतो, म्हणून आमचं सगळं दिव्यावर.

त्या दिवशी टाकीत अंधार होता. माझ्या टॉर्चचा बल्ब गेला होता, स्टोअरवाला जेवायला गेला होता, आणि मला बसवत नव्हतं. तुला माहीत आहे मला बसवत नाही. मी तो लाल दिव्याचा बल्ब काढला, लाल काच बाजूला ठेवली आणि तो बल्ब टॉर्चमध्ये बसवून त्याच्या उजेडात टाकीत फिल्म लावली. पाच मिनिटांत परत लावणार होतो. विसरलो. बाहेर आलो, बटण दाबलं. मग बाहेर कोणीतरी बोलावलं म्हणून गेलो, परत आलो, दिवा बंद दिसला. म्हटलं, झालं असेल. टाकीत शिरलो, फिल्म आणि पत्र्याच्या मधे बोटं घातली आणि फिल्म सोडवली. तेव्हा तीन मिनिटं झाली होती का? खरंच सांगता येत नाही.

फिल्म धुवायचं काम माझं. ट्रेमध्ये हळूहळू जोड उमटला, टाकीची ओळख म्हणून लावलेला शिशाचा सातचा आकडा उमटला, आणि त्यावरून आडवी दोन बोटं उमटली. आतली हाडं, सांधे, सगळं. ताई, मी मेलेला माणूस बघितलाय, तेव्हा घाबरलो नव्हतो. त्या ट्रेपासून मी भिंतीपर्यंत मागे सरकलो.

दुसऱ्यांदा बघितली नाही. वाळवून ट्रंकेच्या तळाला घातली. सकाळी लवकर जाऊन बल्ब लावला, आणि काकांना म्हटलं फिल्म धुताना खराब झाली. ते म्हणाले, "तू हात लावशील ते सोनं." परत काढली. कोणाला कळलं नाही.

डॉक्टर कंपनीचाच आहे. त्याने विचारलं तर बल्बचं निघेल. मग घरी. ही माझी सातवी नोकरी. बाबा रागवत नाहीत गं, दार उघडून नुसतं "आलास?" म्हणतात.

फिल्म पुठ्ठ्यात घालून रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. तू धुळीआडचं ओळखतेस, तर माझं किती गेलंय तेही ओळख. बोटं राहतील का एवढंच सांग. बाकीचं सांगू नकोस.

उंडगा


८ मार्च

उंडग्या,

हे पत्र बसून वाच, आणि पूर्ण वाच.

फिल्म परवा पोचली. उजेडाच्या पाटीवर ठेवली आणि बराच वेळ मीही दुसरीकडेच बघत होते. मग पट्टी घेतली. मधल्या बोटाचं मधलं पेर मोजलं. सात सेंटिमीटर, वर थोडं. आता तुझं मोज. फार तर तीन भरेल. एवढी बोटं कोणाची नसतात.

दिवे गेले की आपण मेणबत्तीपुढे हात धरून भिंतीवर ससा करायचो ना? हात ज्योतीजवळ नेला की ससा कपाटाएवढा आणि कडा पुसट. हात भिंतीला टेकवला की ससा हाताएवढाच आणि रेखीव. तू फिल्म सोडवत होतास, म्हणजे तुझी बोटं भिंतीलाच टेकलेली. सावली बोटाएवढीच पडायला हवी. फिल्मवरची अडीचपट मोठी आहे, कडा विरघळलेल्या. हा हात फिल्मपाशी नव्हता. मशीनच्या तोंडाशी होता. आणि कडा विरघळल्या तरी सावली फिकट नाही, ठसठशीत पांढरी आहे. म्हणजे हात चुकून क्षणभर आला नाही, तीन मिनिटांतला बराच वेळ तिथे होता.

मी चार वेळा मोजलं. सरांनाही दिली, कोणाची ते न सांगता. त्यांनी तेच सांगितलं.

हात तुझा नाही. तू टाकीत शिरलास तेव्हा मशीन बंद झालेलं होतं. तुझी बोटं साबणाने लाल झालीत. केस वेल्डरचेच असतील.

हे लिहिताना मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर पुढचं सुचलं. मीही पंधरा दिवस तुझ्याच हाताकडे बघत बसले. त्या खोलीत तुम्ही दोघं होता. मशीनच्या तोंडाशी कोण असतं, उंडग्या? आणि थंडीत चहा पिताना हातमोजे कोण घालतं?

आज जा.

ताई


१२ मार्च

ताई,

पत्र वाचलं आणि आधी मी नाचलो. खोटं कशाला सांगू. खाटेवर उभं राहून नाचलो. वेल्डर म्हणाला, "लग्न ठरलं की काय?" मग शेवटच्या ओळी परत वाचल्या.

काका स्टुलावर बसून चहा पीत होते. म्हटलं, "काका, मोजा काढा."

"का? तुझ्या बापाचा माल आहे?"

"काढा ना, काका."

"भिंगरी, डोकं फिरलंय का? जा, सुतळी आण."

मी हात धरला. ते ओरडले. काका कधी ओरडत नाहीत. एकदा पायावर पत्र्याचं भेंडोळं पडलं तेव्हाही नुसतं "हं" म्हणाले होते. मग त्यांनीच हळूहळू मोजा सोलला. सोललाच म्हणायचं, कारण तो चिकटला होता. डाव्या हाताची पहिली दोन बोटं. मी सगळं लिहीत नाही. काळपट झालीत, फोड फुटलेत, आणि नखाखाली काही राहिलेलं नाही. वास येतो. म्हणे, गरम पत्र्याला लागलं, मलम लावतोय, उतरत कसं नाही कोण जाणे.

मी फिल्मचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, हो, त्या दिवशी स्टँडचा नट ढिला होता, मशीनचं डोकं खाली झुकत होतं. पुढचं जड नळकांडं डाव्या, जोराच्या हाताने धरून ठेवलं आणि उजव्याने नट पिळत बसले. नटाचे आटे गेले होते, म्हणून वेळ लागला.

"दिवा बघितला होता मी," म्हणाले. "बंद होता. तीस वर्षं दिवा बघितल्याशिवाय हात घातला नाही, भिंगरी. मग झालं कसं?"

बल्बचं मी सांगितलं नाही, ताई. ते स्वतःलाच विचारत होते, डोळ्यांनी दगा दिला का, वय झालं का. आणि मी "हो काका, होतं असं" म्हणालो. असं मी म्हणालो.

मग ते हात जोडायला लागले, त्या तसल्या हातासकट. कोणाला बोलू नकोस. दवाखान्यात नेलं तर कापतील. बोटं नसलेला मिस्त्री म्हणजे दात नसलेली करवत. मलमाने बरं होईल. फिल्म कुठे आहे? जाळून टाक.

त्यांचीही तीच इच्छा आहे, माझीही तीच आहे. जाळून टाक ती, ताई. फिल्म नसली तर काही झालंच नाही. जे व्हायचं ते तर होऊन गेलंय.

उंडगा


१६ मार्च

उंडग्या,

होऊन गेलेलं नाही. इथल्या एका डॉक्टरांना भेटले, नाव-गाव न सांगता विचारलं. असा हात भाजल्यासारखा दिसतो पण भाजलेला नसतो. आतून मरत वर येतो. मलमाने थांबत नाही. त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला की किरण किती वेळ लागले आणि नेमके कुठपर्यंत, याचा काही पुरावा आहे का. ते कळलं तर किती कापायचं आणि किती वाचवायचं ते ठरवता येतं. नाही कळलं तर अंदाजाने. अंदाजाने म्हणजे कदाचित सगळा पंजा. उशीर म्हणजे कदाचित त्याहूनही वर.

तो पुरावा जगात एकच आहे.

फिल्म परत पाठवतेय. सोबत माझा कागद आहे, मोजमापं आणि हिशोब मांडलाय, डॉक्टरला समजेल. जाळायची असेल तर तू जाळ, माझ्या हातून होणार नाही. बल्बचं सांगायचं की नाही तेही मी सांगत नाही. मला माहीत आहे तू किती घाबरलायस. मीही घाबरलेय. पण तो माणूस रोज स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत बसलाय.

मळकट दीर्घिकेसाठी आणखी वेळ मागितला होता, मिळालाय. सर म्हणाले, काही निघालं नाही तर? मी म्हटलं, नाही तर नाही.

ताई


३० मार्च

ताई,

हे दवाखान्यातून लिहितोय. मोठ्या शहरातला आहे, आठ मजली. काका सहाव्या मजल्यावर, मी त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर.

तुझं पार्सल आलं तेव्हा माझ्या खिशात काडेपेटी होती. तुझ्यापासून काय लपवायचं. ऑफिसच्या पायरीपर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. असं चारदा. पाचव्यांदा गेलो ते आत. साहेबांपुढे फिल्म ठेवली, तुझा कागद ठेवला. काकांनाही बोलावलं. साहेब म्हणाले, "दिवा चालू असताना हात घातला?" काका खाली मान घालून म्हणाले, "दिसला नसेल साहेब. डोळे आता..."

मी म्हटलं, "दिवा नव्हताच. बल्ब मी काढला होता."

काकांनी माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते नुसतं बघत राहिले आणि मग त्यांचे खांदे सैल पडले, जणू कोणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवलं. डोळे चांगले आहेत, एवढंच त्यांना कळलं असेल तेव्हा. बाकीचं नंतर कळलं असेल.

डॉक्टरांनी तुझा कागद दोनदा वाचला. विचारलं, लिहिणारी कोण? म्हटलं, बहीण, आभाळातले ठिपके मोजते. पहिलं बोट पूर्ण गेलं, मधल्याची दोन पेरं गेली. तळवा वाचला, अंगठा वाचला. अजून सहा महिने नजर ठेवायची, आत काय चाललंय ते सांगता येत नाही. दहा दिवस आधी आला असतात तर मधलं बोट राहिलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. फिल्म ट्रंकेत किती दिवस होती ते मी मोजलंय. तुला लिहीत नाही.

चौकशी चालू आहे. मला तोवर कामावरून बसवलंय. काकांकडे बघायला कोणी नव्हतं, म्हणून मी थांबलो. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी भरवायचो, ते दुसरीकडे बघत खायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "भिंगरी, इतका वेळ एका जागी बसलेला तुला पहिल्यांदा बघतोय. पाणी दे."

काल म्हणाले, काकूंना पत्र लिहायचंय. ते डावखुरे, त्यामुळे लिहायला मी. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: बोटं गेली, हात शाबूत आहे, घाबरू नकोस, मी येतोय, दाराची कडी ढिली आहे ती दुसऱ्या कोणाकडून पिळून घे. मग थांबले. म्हणाले, "कोणामुळे ते लिहू नकोस. मशीन बिघडलं होतं म्हण. लहान आहेस अजून तू. ती तुला जन्मभर शिव्या देईल."

ताई, तिथे एक ओळ मोकळी होती. मी लिहिलं: काकू, मशीन बिघडलं नव्हतं. दिव्याचा बल्ब मी काढला होता, आणि बोटांची फिल्म मी महिनाभर लपवली होती.

मग सगळं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ती ओळसुद्धा. अर्धी वाचून थांबलो, परत पहिल्यापासून वाचली. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता फाडायला सांगतील. सांगितलं असतं तर मी फाडलंही असतं.

तसेच भिंतीकडे बघत म्हणाले, "पत्ता नीट घाल."

पत्र सकाळच्या टपालाने गेलं. तिला पोचायला चार दिवस, उत्तर यायला चार. मला फार भीती वाटते, ताई. पण मी इथेच आहे.

उंडगा